बर्फ पडेना! आधी शहानिशा, मग दुरुस्ती

रमजानचा दुसरा आठवडा आणि मार्चचे ऊन. असरच्या नमाजनंतर सरबताची तयारी सुरू झाली, तेव्हा लक्षात आले की फ्रीजमधल्या बर्फाच्या डब्यात एकही खडा नाही. आमचा फ्रीज शेजारी-शेजारी दोन दारांचा, आपोआप बर्फ करणारा. पहिला संशय गेला दहा वर्षांच्या धाकटीवर. तिचे हे पहिलेच रोजे. दुपारी थंड हवा घ्यायला ती फ्रीजरचे दार उघडून उभी राहिलेली आम्ही एकदा पाहिली होती. "तूच दार उघडं ठेवतेस," असे आम्ही सगळ्यांसमोर तिला सुनावले. "अब्बा, मी नाही केलं," ती म्हणाली. आम्ही ऐकले नाही.

दोन दिवस दारावर पहारा ठेवला. बर्फ तरीही पडेना. मग मेकॅनिकला बोलावले. त्याने सेन्सर काढून मीटर लावला, "हा ठीक आहे," म्हणाला आणि बोर्ड बदलायला सांगितला. खर्च नऊ हजार. ईदचे कपडे, फित्रा, पाहुणे असे सगळे समोर असताना नऊ हजार म्हणजे थोडी रक्कम नव्हे.

त्याच संध्याकाळी आमचा भाचा इफ्तारला आला. त्याने आयटीआयमध्ये फ्रीज आणि एसी दुरुस्तीचा दोन वर्षांचा कोर्स केला आहे. सगळे ऐकून तो म्हणाला, "मामू, बोर्ड बदलण्याआधी एकेक गोष्ट बाजूला काढत जाऊ." तरावीहनंतर त्याने काय केले, ते वाचक बंधू-भगिनींना उपयोगी पडेल म्हणून क्रमाने सांगतो.

आधी त्याने फ्रीजरमध्ये थर्मामीटर ठेवला. रात्रभरानंतर तो उणे 18 अंश दाखवत होता. म्हणजे थंडावा पुरेसा होता आणि दार उघडे राहिल्याचा प्रश्नच नव्हता. मग बर्फाचा ट्रे पाहिला. तो कडक बर्फाने भरलेला होता. म्हणजे पाणी येत होते आणि गोठतही होते. डबा भरला की बर्फ थांबवणारी दांडी मोकळी होती. चाचणीचे बटण दाबून धरताच मोटर फिरली, ट्रे पिळला गेला आणि खडे खाली पडले. म्हणजे मोटरही शाबूत. मग बर्फ तयार असूनही ट्रे आपणहून का फिरत नव्हता? कारण "बर्फ तयार झाला" ही खबर बोर्डाला मिळतच नव्हती.

ही खबर देतो ट्रेखाली बसवलेला बोटाच्या पेराएवढा सेन्सर. त्याला थर्मिस्टर म्हणतात. थंडी वाढली की त्याचा विद्युतरोध वाढतो, उष्णता वाढली की कमी होतो. त्या आकड्यावरून बोर्ड ट्रेचे तापमान ठरवतो आणि ते शून्याखाली ठरावीक अंशांवर गेले की ट्रे फिरवतो. सेन्सर खऱ्यापेक्षा गरम सांगू लागला तर तयार बर्फ ट्रेमध्येच अडकून राहतो. खऱ्यापेक्षा थंड सांगू लागला तर ट्रे लवकर फिरतो, अर्धवट गोठलेले खडे पडतात, त्यांतले पाणी सांडते आणि डब्यात एकच ढेकूळ तयार होते. कोणता दोष आहे, हे असे डब्यात पाहूनच बरेचसे कळते.

"पण मेकॅनिक तर सेन्सर ठीक आहे म्हणाला," आम्ही म्हणालो. भाचा हसला. "मामू, त्यांनी तो खोलीच्या गरमीत मोजला. याची खरी परीक्षा थंडीत होते."

फ्रीजचा प्लग काढून त्याने सेन्सर सोडवला. शेजारच्या घरून आणलेला बर्फ कुटून पेल्यात भरला, त्यात थोडे पाणी घालून ढवळले. बर्फ आणि पाणी असे एकत्र असले की तापमान शून्य अंशावर टिकते, त्यामुळे ही घरातली सर्वांत सोपी आणि खात्रीची मोजपट्टी. सेन्सर त्यात पाच मिनिटे ठेवला, जोडणीची टोके कोरडी ठेवली आणि मल्टिमीटर लावला. आमचा सेन्सर 25 अंशांना 10 हजार ओहम दाखवणाऱ्या जातीचा. कंपनीच्या तक्त्याप्रमाणे शून्य अंशाला सुमारे 33 हजार यायला हवे होते. आले 19 हजार. बर्फाच्या पाण्यात बसूनही तो जणू 11 अंश तापमान असल्याचे सांगत होता. आत ओल शिरली की असे होते. खोलीत आकडा जवळपास बरोबर वाटतो, पण जितकी थंडी जास्त तितकी चूक मोठी. वायर पूर्ण तुटली असती, तर अनेक फ्रीज पडद्यावर दोषाची खूण दाखवतात. थोडेसे चुकीचे सांगणारा सेन्सर मात्र बोर्डाला सच्चाच वाटतो.

नवा सेन्सर चारशे रुपयांत मिळाला. दुसऱ्या दिवशी इफ्तारच्या आधी डब्यात खडे पडल्याचा आवाज आला.

दोन गोष्टी सांगायला हव्यात. प्रत्येक कंपनीच्या सेन्सरचे आकडे वेगळे असतात, म्हणून आपल्या फ्रीजचाच तक्ता पाहावा. आणि अडकलेला बर्फ सुरीने किंवा पेचकसाने कधीही उकरू नये. आतली नळी फुटू शकते, आणि आजच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-600ए हा पेट घेणारा वायू असतो. वीज चालू असताना बोर्डाला हात लावणे तर जाणकारावरच सोडावे.

मेकॅनिकला आम्ही फोन करून हे सांगितले. तो बेइमान नव्हता, त्याची तपासणी अपुरी होती. "पुढच्या वेळी बर्फाच्या पाण्यात बघीन," तो म्हणाला. आणखी कुणाचे पैसे वाचतील, हेही काही कमी नाही.

पण आमची तपासणी तर त्याच्याहून अपुरी होती. त्याने निदान मीटर लावला होता, आम्ही काहीच न पाहता मुलीला दोषी ठरवले. सूरह हुजुरातच्या सहाव्या आयतीत, खबर आली की तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणता कुणाला इजा पोहोचवाल आणि मग पस्तावाल, अशी ताकीद आहे. वर्गात ही शिकवण आम्ही मुलांना कितीदा सांगितली असेल! त्या दिवशी दस्तरखानावर, ज्यांच्यासमोर तिला बोललो होतो त्यांच्याचसमोर, आम्ही धाकटीची माफी मागितली. ती काही बोलली नाही. मगरिबची अजान झाली, तिने खजूर तोंडात टाकला आणि सरबताच्या पहिल्या पेल्यात दोन खडे टाकून तो आमच्यापुढे ठेवला.