किनारा फुकट, गर्दी गायब!

समुद्राचं तिकीट किती? शून्य! माहीत आहे का, भरती-ओहोटीच्या मधली ओली वाळू कुठल्याच रिसॉर्टच्या सातबाऱ्यावर चढत नाही. ती सरकारी, म्हणजे तुमची-आमची. गेटवरच्या 'प्रायव्हेट बीच' पाटीला भुलू नका!

मोकळी वाळू हवी? मग फेमस बीचच्या शेजारचं गाव गाठा. तारकर्लीत वॉटर स्पोर्ट्सचा कल्ला? कर्ली खाडीपलीकडे भोगवे. मुरुड-हर्णैला पार्किंग फुल? अंजर्ल्याच्याही पुढे केळशी आहे की. लांबलचक पुळण, वर वाळूची अख्खी टेकडी!

रत्नागिरी तर डबल धमाका. एकाच शहरात 'पांढरा समुद्र' आणि 'काळा समुद्र', दोन्ही नावं वाळूच्या रंगावरून. या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट असतं, आणि इल्मेनाइटपासून काय बनतं, माहीत आहे का? पांढऱ्याशुभ्र रंगाची पावडर!

आता कोकणातलं सगळ्यात भारी अ‍ॅप. नेट नको, चार्जिंग नको, भिंतीवरचं कॅलेंडर पुरे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची ढोबळ वेळ हातात! चतुर्थी? तीनच्या सुमारास. अष्टमी? सहाच्या. पहाटेही आणि दुपारनंतरही. ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. चंद्र रोज जवळजवळ पाऊण तास उशिरा उगवतो, त्याचीच ही कमाल. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, तेव्हा लांबूनच नमस्कार. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, ती भांगाची भरती (होळीची भांग नव्हे!). तरी पाण्यात पाय घालण्याआधी गावातल्या कोळ्यांना विचाराच. त्यांच्या शब्दापुढे आपलं गणित फिकं.

ज्या सुरूच्या सावलीत डबा उघडता, ती झाडं इथली नाहीत. आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडची पाहुणी!

ओल्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसली? कलाकार आहे नखाएवढा खेकडा. वाळूतलं खाणं चाटूनपुसून घेतो, उरलेल्या वाळूची गोळी करून टाकतो. भरती आली की पाटी कोरी, ओहोटीला नवं डिझाइन.

आणि आपल्या स्टार पाहुण्या, ऑलिव्ह रिडले कासवीणबाई! अंडी घालायला त्यांना अंधार आणि शांतता लागते, म्हणून वेळाससारख्या किनाऱ्यांवर त्यांचा भारी जीव. मुलगा की मुलगी, हे ठरवते वाळू: ऊबदार असेल तर मुली, गारसर असेल तर मुलगे. 2021 मध्ये ओडिशात टॅग लावलेली एक मादी 2025 मध्ये थेट गुहागरला अंडी घालून गेली. बुकिंग नाही, टोल नाही! पिल्लं समुद्राकडे धावताना बघायची असतील तर मार्च-एप्रिलमध्ये पहाटे वेळास गाठा, आणि फ्लॅश बंद ठेवा.