एका बोलपटाची चित्रसंस्था

चित्रसंस्थेचा इतिहास म्हटला की मराठी अभ्यासकासमोर ‘प्रभात’ उभी राहते. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या व १९३३ मध्ये पुण्यास स्थलांतरित झालेल्या या कंपनीने ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) मराठीप्रमाणेच हिंदीतही काढला. हिंदीच्या विस्तृत बाजारपेठेचा आधार अशा रीतीने मराठी बोलपटास लाभला. परंतु जी भाषा जनगणनेत हिंदीतच समाविष्ट होते, तिच्या निर्मात्यास हा मार्ग उपलब्ध नसतो. कारण त्याचा प्रेक्षक हिंदी चित्रपटाचाही प्रेक्षक असतो. छत्तीसगढीची स्थिती नेमकी अशी आहे.

१९५५ च्या भारत-सोव्हिएट करारानंतर दुर्गजवळच्या भिलाई येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि १९५९ मध्ये तेथील पहिली झोतभट्टी पेटली. नानाप्रांतीय कामगारांच्या या वसाहतीत हिंदी ही व्यवहारभाषा ठरणे स्वाभाविक होते. त्याच सुमारास मुंबईच्या चित्रव्यवसायात वावरणारे मनु नायक हे छत्तीसगढचे सुपुत्र स्वभाषेत बोलपट काढण्याचा विचार करू लागले. १९६३ मध्ये प्रदर्शित झालेला पहिला भोजपुरी बोलपट त्यांच्यापुढे होता. बोलीतही बोलपट निघू शकतो, हे त्याने सिद्ध केले होते.

नायकांचा ‘कहि देबे संदेस’ १९६५ मध्ये प्रदर्शित झाला. हा छत्तीसगढीतील पहिला बोलपट होय. निर्मिती आणि दिग्दर्शन दोन्ही नायकांचेच. स्वतःचे कलागृह नसल्याने चित्रण मुख्यतः छत्तीसगढमधील खेड्यांत झाले. हनुमंत नायडू यांची गीते मलय चक्रवर्ती यांनी स्वरबद्ध केली. गायकांत महंमद रफी होते. जातिभेद ओलांडणारे प्रेम हा कथाविषय असल्यामुळे चित्रपटास विरोधही सहन करावा लागला.

दुसरा छत्तीसगढी बोलपट ‘घर द्वार’ १९७१ मध्ये आला. त्यानंतर मात्र दीर्घ खंड पडला आणि ‘मोर छइंहा भुइंया’ने ही परंपरा पुन्हा सुरू केली ती २००० मध्ये, म्हणजे छत्तीसगढ राज्य अस्तित्वात आले त्याच वर्षी.

या खंडाचे कारण केवळ भांडवलाच्या अभावात शोधणे अपुरे ठरेल. एका बोलपटाचे उत्पन्न दुसऱ्यास पोसू शकेल, अशी स्वतंत्र बाजारपेठच भाषेपाशी नव्हती. म्हणून संस्था एका बोलपटापुरतीच राहिली. भाषेला मिळणारी स्वतंत्र ओळख आणि तिच्यातील कलाव्यवसायाचे सातत्य यांचा संबंध किती निकटचा असतो, हे या उदाहरणावरून ध्यानी येते. बोलीसाहित्याच्या अभ्यासकानेही ग्रंथांबरोबर अशा निर्मितीची नोंद घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.