डिचोलीपर्यंत येणारा समुद्र

डिचोलीस समुद्र नाही, असे आपण सहज म्हणतो. परंतु वाचकहो, समुद्र दिवसातून दोनदा आपल्या तालुक्याच्या भेटीस येतो. भरती मांडवीतून वर चढते आणि उन्हाळ्यात प्रवाह क्षीण झाला म्हणजे खारटपणाही तिच्याबरोबर आत शिरतो. पावसाळ्यात पुराचे गोडे पाणी त्यास मागे रेटते.

अशा पाण्यात जगणे सोपे नव्हे. काठचे कांदळ पाहावे. त्याचे बी झाडावरच रुजते व लांब हिरवा कोंब खाली चिखलात पडून मूळ धरतो. तिवराची मुळे बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. त्याच्या पानास जीभ लावल्यास मीठ लागते. याच मुळांच्या आडोशाने सुंगटांची पिल्ले वाढतात. सुंगटे अंडी घालतात समुद्रात. इवली पिल्ले भरतीबरोबर खाडीत येतात आणि अंगी बळ आल्यावर परत जातात. आपल्या हुमणातील सुंगटाचे बालपण बहुधा चिखलातच गेलेले असते!

तिसऱ्यांस मात्र असे फिरता येत नाही. पाण्यातील सूक्ष्म जीव गाळून त्या जगतात. गाळ वाढला की त्यांची कुचंबणा होते. डिचोलीचे खनिज वर्षानुवर्षे बार्जींतून मांडवीने मुरगावास गेले आणि पावसात खाणींची लाल माती ओहोळांतून नदीत उतरली. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. पुढे लिलाव होऊन २०२४ साली येथे उत्खनन परत सुरू झाले. दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तरी ओहोळ लाल झाल्याचे प्रथम कळते ते ओहोटीस चिखलात हात घालून तिसऱ्या काढणाऱ्या बाईस.