टॉप क्वार्कचं वस्तुमान आणि ‘क्साय’ची कटकट

आजचा भाग जरा जड आहे, चहा घेऊनच बसा.

१९९५ मध्ये फर्मीलॅबमध्ये टॉप क्वार्क सापडला. वस्तुमान साधारण १७३ जीईव्ही, म्हणजे टंगस्टनच्या अख्ख्या अणूएवढं. पण हा आकडा गणितातून काढायचा तर एक अडचण येते.

क्वार्क ग्लुऑन सोडतो आणि स्वतःच परत शोषतो, त्यामुळे त्याच्या वस्तुमानात भर पडते. ही भर मोजताना ग्लुऑनसाठी एक ‘गेज’ निवडावा लागतो. कुणी फाइनमन गेज घेतं, कुणी लँडाऊ. ही केवळ आपली सोय, निसर्गाला तिचा पत्ताही नाही. ही निवड समीकरणात ‘क्साय’ नावाच्या अक्षराने येते, आणि उत्तरातही तो क्साय बसलेला दिसतो! म्हणजे मी एक गेज घेतला, तुम्ही दुसरा, तर टॉपचं वस्तुमान बदलणार? असं कसं चालेल?

गंमत अशी की क्वार्कच्या प्रोपगेटरमध्ये एक जागा असते जिथे त्याची किंमत अनंत होते. तिला पोल म्हणतात. पहिल्याच दुरुस्तीत पाहिलं तर क्साय असलेल्या प्रत्येक पदाला असा एक गुणक चिकटलेला असतो, जो नेमका पोलवर शून्य होतो. पोलपासून जरा हललात की क्साय परत हजर. म्हणून वस्तुमान पोलवर वाचायचं. टाराख यांनी १९८१ मध्ये हे दुसऱ्या पायरीपर्यंत दाखवलं, आणि क्रॉनफेल्ड यांनी १९९८ मध्ये सगळ्या पायऱ्यांसाठी सिद्ध केलं.

मला यातला व्यवहारी भाग जास्त आवडतो. मोठी आकडेमोड करणारे लोक क्साय मुद्दाम अक्षर म्हणूनच ठेवतात. शेवटी तो गळून पडला नाही, तर एखादी आकृती राहिली किंवा चिन्ह चुकलं. फुकटातला तपासनीसच म्हणा ना!

मात्र क्साय प्रत्येक राशीतून जातोच असं नाही. क्वार्कच्या तरंगफलनाचा जो पुनर्सामान्यीकरण गुणक असतो, त्यात दोन पायऱ्यांपर्यंत क्साय दिसत नाही, तिसऱ्या पायरीला मात्र उगवतो. मेल्निकोव्ह आणि व्हान रिटबर्गेन यांनी २००० मध्ये हे दाखवलं. तो गुणक थेट मोजता येत नाही, त्यामुळे कुणाची झोप उडाली नाही.

आणि पोल वस्तुमान क्सायमुक्त असलं तरी काटेकोर नाही. एकटा, मोकळा क्वार्क कधी मिळतच नाही. १९९४ मध्ये लक्षात आलं की पायऱ्या वाढवत नेल्या तर ही मालिका शेवटी बिघडते, आणि काहीशे एमईव्हीपर्यंतची संदिग्धता उरते. म्हणून बरेच जण ‘एमएस-बार’ वस्तुमान वापरतात. त्या व्याख्येत तोच टॉप सुमारे १६३ जीईव्हीचा भरतो. तेव्हा बातमीत आकडा वाचलात, की आधी विचारा, कुठल्या व्याख्येतला?