‘चोरी करावी का?’ हा प्रश्न नाही, ‘का?’ हा प्रश्न आहे: नैतिक विचारांची वाढ मोजताना

एका बाईला दुर्धर कॅन्सर झालाय. तिला वाचवू शकेल असं औषध गावातल्या एकाच माणसाकडे आहे, त्यानेच ते शोधलंय. बनवायला २०० डॉलर लागतात, तो २,००० मागतोय. बाईचा नवरा हाइन्झ, त्याने उसनवारी करून १,००० जमवले. औषधवाला ना किंमत कमी करतो, ना उधारीवर देतो. हाइन्झने दुकान फोडून औषध चोरावं का?

बीएड केलेल्यांना आणि नेट-सेटची तयारी करणाऱ्यांना ही गोष्ट पाठ असते. लॉरेन्स कोहलबर्ग, तीन पातळ्या, सहा टप्पे, परीक्षेत दोन गुण. पण संशोधन करायचं असेल तर टप्प्यांची नावं माहीत असून भागत नाही. पुढचा माणूस अमुक टप्प्यावर आहे हे ठरवलं कसं, ते समजून घ्यावं लागतं. या विषयातला सगळा वाद तिथेच आहे, आणि तो वाद तुमच्या प्रबंधापर्यंत येऊन पोहोचतो.

सुरुवात कोहलबर्गच्या आधीपासून करू. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे याने १९३२ साली मुलांच्या नैतिक निर्णयांवर पुस्तक लिहिलं. तो मुलांबरोबर गोट्या खेळायला बसला आणि विचारू लागला, हे नियम कुणी केले? ते बदलता येतील का? मग तो त्यांना गोष्टींच्या जोड्या सांगायचा. एका मुलाने जेवायला जाताना दार उघडलं, दारामागे ट्रे होता, १५ कप फुटले. दुसऱ्याने आई नसताना चोरून जॅम काढायला हात घातला, त्यात एक कप फुटला. जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलं बऱ्याचदा म्हणायची, १५ कप फोडणारा. मोठी मुलं म्हणायची, जॅम चोरणारा. म्हणजे आधी नुकसान किती झालं ते दिसतं, मग हेतू दिसायला लागतो. पियाजेच्या मते हा बदल मोठ्यांच्या उपदेशाने होत नाही, बरोबरीच्या मुलांशी खेळता-भांडताना होतो.

कोहलबर्गने १९५८ साली शिकागो विद्यापीठात पीएच.डी.साठी हेच काम पुढे नेलं. त्याचं सँपल होतं ७२ मुलगे, वय १०, १३ आणि १६. मुलगे. हा शब्द लक्षात ठेवा.

त्याची खरी करामत अशी, की उत्तर ‘हो’ आहे की ‘नाही’ याला त्याने किंमत दिली नाही. मोजलं ते कारण. ‘चोरू नये, तुरुंगात टाकतील’ आणि ‘चोरावं, बायको मेली तर स्वयंपाक कोण करणार’ ही उत्तरं उलटी आहेत, पण दोन्हींत हिशोब स्वतःच्या फायद्या-तोट्याचाच आहे. म्हणून दोन्ही खालच्या पातळीवर. ‘चांगला नवरा असंच करेल’ किंवा ‘सगळेच चोरायला लागले तर समाज कसा चालेल’ ही मधली पातळी, इथे माणूस नात्यांच्या आणि कायद्याच्या नजरेतून बघतो. ‘जगण्याचा हक्क मालमत्तेच्या हक्काआधी येतो, कायदाही त्यासाठीच असतो’ ही वरची पातळी. बहुतेक प्रौढ माणसं मधल्या पातळीवरच असतात, वरची फार थोड्यांमध्ये दिसते.

पुस्तकात गोष्ट इथे संपते. संशोधनात ती इथून सुरू होते.

त्याच मुलग्यांना कोहलबर्ग आणि त्याचे सहकारी दर तीन-चार वर्षांनी पुन्हा भेटत राहिले. सिद्धांत म्हणतो, टप्पे चढत्या क्रमानेच येतात, माणूस मागे जात नाही. पण शाळा संपताना चौथ्या टप्प्यावर असलेली काही मुलं कॉलेजात गेल्यावर दुसऱ्या टप्प्यासारखी बोलायला लागली. ‘ज्याचं त्याचं मत, बरोबर-चूक असं काही नसतं’, या धाटणीचं. आता काय करायचं? आधी याला घसरण म्हटलं गेलं. मग तो चार आणि पाच यांच्यामधला संक्रमणाचा काळ मानला गेला. शेवटी स्कोअरिंगची पद्धतच नव्याने बांधली आणि जुन्या मुलाखती पुन्हा तपासल्या. १९८३ साली २० वर्षांच्या पाठपुराव्याचा अहवाल आला, त्यात मागे जाण्याची उदाहरणं अगदी थोडी उरली. सहावा टप्पा मात्र स्कोअरिंगमधून काढून टाकला होता, कारण तो सँपलमध्ये सापडेना.

याला लबाडी म्हणू नका. माप सुधारणं हे संशोधनाचंच काम आहे. पण एक गोष्ट नीट बघा: मुलाखती त्याच, मुलं तीच, किल्ली बदलली आणि निष्कर्ष बदलला. माणसाने दिलेलं कारण हा डेटा असतो. ते कारण ‘वरचं’ की ‘खालचं’, हे ठरवणारी किल्ली हा सिद्धांत असतो. दोन्हींची गल्लत झाली की आपण सिद्धांत डेटामध्ये आधीच कालवून ठेवतो आणि नंतर तो ‘सापडला’ म्हणून आनंदतो.

कॅरोल गिलिगनने १९८२ मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं. तिच्या पुस्तकात जेक आणि एमी ही दोन ११ वर्षांची मुलं आहेत. हाइन्झच्या प्रश्नावर जेक सरळ म्हणतो, जीव पैशापेक्षा मोठा, चोरावं. त्याला हे गणितासारखं वाटतं. एमी वेगळंच बोलते. चोरी नको, पण बायकोही मरायला नको. कर्ज काढता येईल. हाइन्झ तुरुंगात गेला तर आजारी बायकोकडे कोण बघणार? दोघांनी बसून बोलायला हवं. मुलाखत घेणारी व्यक्ती प्रश्न फिरवून फिरवून विचारते, एमी गोंधळत जाते आणि तिचा स्कोअर जेकपेक्षा खाली येतो. गिलिगन म्हणते, एमी कच्ची नाही. ती ‘कोणता हक्क मोठा’ या प्रश्नाचं उत्तर देतच नाहीये, ती ‘हे नातं तुटू न देता कसं सोडवायचं’ याचं उत्तर देतेय. किल्लीत त्या उत्तराला जागाच नाही.

यावरून लगेच ‘बायकांची नैतिकता वेगळी’ असं लिहून मोकळे होऊ नका. १९८४ मध्ये लॉरेन्स वॉकरने उपलब्ध अभ्यास एकत्र तपासले. कोहलबर्गच्या मापावर स्त्री-पुरुष फरक फारसा दिसला नाही, आणि जिथे दिसला तिथे शिक्षण आणि नोकरी यांतला फरक बऱ्याचदा आड येत होता. म्हणजे गिलिगनचा लिंगभेदाचा दावा डळमळला, पण किल्लीबद्दलचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

तो प्रश्न आपल्या देशात आणखी टोकदार होतो. १९८७ साली रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांचा भुवनेश्वर आणि शिकागो यांची तुलना करणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांपुढे ३९ छोटे प्रसंग ठेवले होते. त्यातला एक असा: वडील वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि चिकन खाल्लं. शिकागोत याचं कुणाला काही वाटलं नाही. भुवनेश्वरच्या ब्राह्मण मुलांच्या आणि मोठ्यांच्या लेखी हा सगळ्या यादीतल्या सर्वांत गंभीर अपराधांपैकी एक होता.

आता बघा, या एका निकालाचे दोन अर्थ निघाले. श्वेडर म्हणतात, पाश्चात्त्य सिद्धांत ज्याला ‘नुसती रीत’ म्हणतो, ती इथे नीती आहे. एलियट ट्युरिएल आणि त्याचे सहकारी म्हणतात, थांबा. अशा वागण्याने वडिलांच्या आत्म्याला इजा होते, असं या लोकांना खरोखर वाटत असेल, तर ‘कुणाला इजा करू नये’ हे त्यांचं तत्त्व शिकागोसारखंच आहे. फरक आहे तो जगाबद्दलच्या समजुतीत. यातलं बरोबर काय, हे ‘वाईट की चांगलं’ एवढंच विचारून कधीच कळणार नाही. ‘का वाईट?’ आणि ‘आत्म्याला काहीच झालं नसतं तर?’ हेही विचारावं लागेल.

मग पक्कं काय उरतं? लहान वयातल्या परिणामांकडून हेतूकडे, आणि स्वतःकडून नात्यांकडे, मग व्यवस्थेकडे, असा नजरेचा विस्तार बऱ्याच समाजांत दिसतो. १९८५ मध्ये जॉन स्नेरीने २७ देशांतले ४५ अभ्यास तपासले तेव्हा खालचे टप्पे जवळपास सगळीकडे सापडले. पाचवा टप्पा मात्र पारंपरिक खेड्यांतल्या समाजांत जवळजवळ दिसलाच नाही, तो शहरी, मध्यमवर्गीय सँपलमध्ये दिसला. आता ‘खेड्यातली माणसं नैतिकदृष्ट्या मागे’ असं लिहायचं, की ‘किल्ली शहरी आहे’ असं? हे वाक्य उद्या तुम्हाला लिहावं लागणार आहे, आणि ते कुणाच्या तरी आई-बापाबद्दल असणार आहे.

म्हणून प्रबंधासाठी तयार चाचणी घेऊन, मराठीत आणून, ३०० मुलांकडून भरून घेण्याआधी तीन गोष्टी करा.

एक, स्कोअरिंगचं मॅन्युअल प्रश्नावलीच्या आधी वाचा. ‘वरचं’ कशाला म्हटलंय आणि का, हे स्वतःच्या शब्दांत एका पानावर लिहून काढा.

दोन, किल्लीत न बसणारी उत्तरं फेकू नका. हाइन्झची गोष्ट आपल्याकडे सांगितलीत तर कुणी म्हणेल आमदाराचं पत्र आणा, ट्रस्टच्या हॉस्पिटलात न्या, मुख्यमंत्री सहाय्यता निधीला अर्ज करा, पाहुण्यांकडून पैसे गोळा करा. हा प्रश्न टाळणं नाही. एमीचंच उत्तर आहे, आपल्या पत्त्यावरून आलेलं.

तीन, मोजलेल्या गोष्टीचं नाव नीट लिहा. जेम्स रेस्टच्या डिफायनिंग इश्यूज टेस्टमध्ये तयार विधानांतून महत्त्वाची विधानं निवडायची असतात. मुलाखतीत कारण स्वतः मांडावं लागतं. ओळखणं मांडण्यापेक्षा सोपं, त्यामुळे दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. आणि दोन्हींपैकी काहीही मोजलंत तरी तुम्ही विचार मोजलाय, वागणूक नाही.

गाइडने विचारलं, ‘टूल कोणतं?’, तर नाव जरूर सांगा. त्यापुढे एक वाक्य जोडा: हे टूल कोणत्या माणसाला शहाणा समजतं. ते वाक्य जमेपर्यंत डेटा गोळा करायला बाहेर पडू नका.