रोहित्राच्या पाटीवरील आकडे

रोहित्राची रचना मागील लेखांकात पाहिल्यानंतर आता त्याच्या टाकीवरील पाटीकडे वळणे उचित ठरेल, कारण त्या यंत्राने काय सोसावे आणि काय सोसू नये हे तिथेच नोंदलेले असते. महाराष्ट्रात गावोगावी ‘डीपी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्रिकला रोहित्राचे नेहमीचे उदाहरण घेतल्यास त्यावर १०० केव्हीए, ११,००० व्होल्ट, ४३३ व्होल्ट, ५.२५ अँपिअर आणि १३३.३ अँपिअर असे आकडे आढळतात. त्यांपैकी ४३३ व्होल्ट हा भार नसतानाचा दाब असून, भार येताच गुंडाळीत आणि पुढे तारांत दाब घटणार हे धरून तो ४१५ व्होल्टच्या रूढ दाबापेक्षा मुद्दाम चढा ठेवलेला असतो.

हे आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत. दोन तारांमधील दाब, तारेतील प्रवाह आणि १.७३२ म्हणजे तीनचे वर्गमूळ यांचा गुणाकार केला की उच्चदाब बाजूस आणि लघुदाब बाजूसही एक लाख व्होल्ट-अँपिअर, म्हणजेच १०० केव्हीए, हेच उत्तर मिळते.

क्षमता किलोवॉटऐवजी केव्हीएमध्ये का सांगितली जाते, हा प्रश्न मात्र सविस्तर उत्तर मागतो. रोहित्र तापते ते मुख्यतः दोन कारणांनी: गाभ्यातील लोहहानी दाबावर अवलंबून असते, तर गुंडाळीतील हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्या प्रवाहाचे पुढे उपयुक्त काम किती झाले याच्याशी या उष्णतेचा संबंध नसतो. पाच अश्वशक्तीचा कृषिपंप ३.७३ किलोवॉट यांत्रिक शक्ती देतो; त्याची कार्यक्षमता ७५ टक्के धरल्यास तो सुमारे ५ किलोवॉट वीज घेतो, आणि शक्तिगुणक, म्हणजे किलोवॉट व केव्हीए यांचे गुणोत्तर, ०.८ असल्यास रोहित्रावर सुमारे ६.२ केव्हीए भार टाकतो. या हिशेबाने १०० केव्हीएच्या रोहित्रावर असे सोळा पंप एकाच वेळी चालू शकतात. कपॅसिटर बसवून शक्तिगुणक ०.९५ पर्यंत नेल्यास तेच रोहित्र एकोणीस पंप सांभाळते. कपॅसिटरकडे शेतकरी सहसा दुर्लक्ष करतात, पण रोहित्रावरची जागा वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

पाटीवरील १३३.३ अँपिअर हा प्रवाह रोहित्र आपणहून पुरवत नाही. किती प्रवाह वाहावा हे जोडलेला भार ठरवतो आणि पाटी केवळ सतत चालणारी कमाल मर्यादा सांगते. प्रवाह या मर्यादेपेक्षा २० टक्क्यांनी वाढला तर गुंडाळीतील हानी ४४ टक्क्यांनी वाढते, तेल तापते आणि गुंडाळीवरील कागदी आवरण वेगाने ठिसूळ होते. असा जादा भार घटकाभर असेल तर तेलाच्या मोठ्या साठ्यामुळे तो सहसा पचतो, परंतु रब्बीच्या हंगामात तासन्‌तास राहिलेला जादा भार पचत नाही. दाबाची मर्यादा याहून कडक आहे, कारण दाब फार चढल्यास गाभा चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होऊन भार नसतानाही रोहित्र मोठा प्रवाह ओढू लागते.

फ्यूज वारंवार जातो म्हणून त्याजागी जाड तार बांधण्याची प्रथा अनेक ठिकाणी दिसते. त्या तारेने रोहित्राची क्षमता एका अँपिअरनेही वाढत नाही, फक्त त्याचे संरक्षण जाते.