पावती दुचाकीस्वाराला, खड्ड्याचा जाब कोणाला?

भवानी पेठेत यंत्रमागावर राबणारा कामगार जुनी दुचाकी विकत घेतो. कागदावर नाव मात्र पहिल्या मालकाचेच राहते. कॅमेरा नंबरप्लेटचा फोटो काढतो आणि ई-चलन जाते त्या मालकाच्या मोबाईलवर. कामगाराला पत्ताच नसतो. दंड साचत जातो आणि एके दिवशी चौकात गाडी अडवली जाते. चूक महिन्यांपूर्वीची, शिक्षा आज! मग शिस्त लागणार कशी?

कॅमेऱ्याला आमचा विरोध नाही. तो जात विचारत नाही, चिरीमिरी घेत नाही. वेगाला लगाम हवाच. पण कायदा पुरता वाचा. केंद्राने 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत 167-अ हा नियम घातला. यंत्राच्या मान्यतेचे दरवर्षी नूतनीकरण, कॅमेऱ्याच्या अलीकडे इशाऱ्याचा फलक, पुराव्याचा फोटो या अटी त्याने घातल्या. त्या नियमाच्या शहरांच्या यादीत सोलापूरही आले.

2019 च्या दुरुस्तीने आलेले कलम 198-अ तर सांगते, रस्त्याचे बांधकाम वा देखभाल निकषांप्रमाणे न केल्याने कोणी दगावला किंवा अपंग झाला, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. दुचाकीस्वाराची पावती यंत्र आपोआप फाडते. ठेकेदाराची मात्र आपल्याला मागावी लागते.

बांधवांनो, गाडी नावावर करा, मोबाईल नंबर नोंदवा, हेल्मेट घाला. चलन चुकीचे असेल तर दाद मागा. आणि खड्ड्याने माणूस गेला, तर फिर्यादीत 198-अ आहे का, हे आधी पाहा.